ओगेलू कारकून आणि गळलेली ओळ

ओगेलू पलटणीत भरती झाला तो घोडेस्वार म्हणून. कारकून व्हायची त्याची तिळमात्र इच्छा नव्हती. बाप यार्हाई पाल्मिरा शहराच्या बाजारात उंटांची खोगिरं शिवायचा, आणि पोरगं नीट चालायला लागायच्या आधीच कुठल्या ना कुठल्या जनावराच्या पाठीवर चढून बसलेलं असायचं. विसाव्या वर्षी त्याने रोमच्या बादशहाची शपथ घेतली आणि फ्रात नदीकाठच्या बेथकना ठाण्यात आला. रोमी लोक या नदीला युफ्रेटिस म्हणतात. पण ठाण्यातले पाचशे शिपाई आपल्याच मुलखातले, अरामी बोलणारे, त्यामुळे नदी फ्रातच राहिली. कड्यावर ठाणं, कड्याखाली गाव, आणि गावापासून दक्षिणेला दोन दिवसांच्या वाटेपर्यंत पाण्याच्या कडेने बोरूची दाट बनं. पलीकडे रोमचे वैरी पार्थियन, त्यांचं राज्य.

चार वर्षं त्याने मन लावून घोडं फिरवलं. पाचव्या वर्षी सरावात घोडी घसरली आणि त्याच्या डाव्या मांडीवर आडवी झाली. वैद्याने हाड बसवलं, पण ते वाकडंच सांधलं. दोन महिन्यांनी ओगेलू उठला तेव्हा त्याचा एक पाय दोन बोटांनी आखूड होता. अशा स्वाराचं करायचं काय? याला चार लॅटिन अक्षरं येतात, असं कुणीतरी बोललं. झालं, नायकाने त्याला उचलून दफ्तरात टाकलं.

दफ्तरात थेमेश नावाचा थोरला कारकून होता. पन्नाशीचा, किडकिडीत, कानामागे कायम एक बोरू खोचलेला. त्याने ओगेलूला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घोड्यावरून पडलेला तो तूच का?"

"मी नाही पडलो, काका. घोडी माझ्यावर पडली."

"पाय सारखाच मोडला ना? बोरू तासता येतो?"

"नाही."

"मग आज तेवढंच शीक. बोट कापलंस तर कागदापासून लांब जाऊन काप. कागद नाईलवरून येतो, बोटं काय, इथलीच आहेत."

असं त्याचं शिक्षण सुरू झालं. रोज उजाडताच सगळी पलटण चौकात उभी राहायची. आज ठाण्यात माणसं किती, आजारी किती, निशाणापाशी पहाऱ्याला कोण, सातू आणायला कोण गेलं, पत्र घेऊन कोण निघालं, काल गेलेल्यांपैकी कोण परतलं, आणि दिवसाचा परवलीचा शब्द कोणता, हे सगळं थेमेश सांगायचा आणि ओगेलू लिहायचा. ही झाली रोजनिशी. मग त्यातली एकेक नेमणूक मोठ्या हजेरीपटात ज्याच्या त्याच्या नावापुढे चढवायची. हजेरीपटात पाचशे नावं, भरतीच्या सालाप्रमाणे एकाखाली एक. पहिले कित्येक दिवस ओगेलूच्या डोळ्यांपुढे ती नावं मुंग्यांसारखी चालायची. खिडकीखालून घोडी पाण्याला निघाली की त्याचा बोरू आपोआप थांबायचा.

"काका, हे एवढं सगळं वाचणार कोण?" एकदा त्याने वैतागून विचारलं.

"तू. उद्या सकाळी," थेमेश म्हणाला. "आज गेलेला माणूस उद्या परत आला का, हे दुसरं कोण बघणार आहे? त्याची आई बघेल, पण ती पाल्मिरात."

ही गोष्ट मात्र ओगेलूच्या मनात रुतली. पुढे पुढे त्याला त्या नावांमागची माणसं दिसायला लागली. कोण दर उन्हाळ्यात तापाने पडतो, कुणाला मुद्दाम लांबच्या चौकीवर पाठवलं जातं, कुणाला चार वर्षांत घरी जायची रजा मिळाली नाही. त्याचं अक्षर सुधारलं, लॅटिन सुधारलं, आणि सहा वर्षांनी थेमेश नोकरी पुरी करून बाहेर पडला तेव्हा त्याच्या जागेवर ओगेलूलाच बसवलं गेलं.

त्याने दफ्तराची कळाच बदलली. थेमेश होता तोवर जुन्या कागदांच्या गुंडाळ्या कोपऱ्यात ढीग होऊन पडायच्या. ओगेलूने सुताराकडून खण करून घेतले, प्रत्येक गुंडाळीला सालाची चिठ्ठी बांधली, वाळवीसाठी देवदाराचं तेल चोपडलं. अग्गाई नावाच्या म्हाताऱ्या शिपायाची नोकरीची पंचवीस वर्षं भरली होती, पण नवा नायक म्हणे, अजून दोन वर्षं बाकी आहेत. अग्गाई रडकुंडीला आला. ओगेलूने एका दुपारी भरतीच्या सालाची गुंडाळी शोधून नायकापुढे उलगडली. अग्गाई त्या काळ्या रेघेकडे बघून म्हणाला, "माझं साल माझ्या आईलासुद्धा धड आठवत नव्हतं रे." शिपायाला नोकरीत असेतोवर कायद्याने लग्न करता येत नाही, पण गावात पोरं व्हायची ती होतातच. त्यांच्या जन्माचे दाखले सात साक्षीदार उभे करून ओगेलू लिहून ठेवायचा, म्हणजे बाप सुटला की पोराला बापाचं नाव लावता यावं. शिपायांची घरची पत्रंही तोच लिहायचा. कुणी सांगायचं, "लिही, मी मजेत आहे." ओगेलू विचारायचा, "आणि गळवाचं?" "ते नको." "आईला नंतर कळलं तर तुलाच बोलेल. लिहितो, पिकलं होतं, आता बरं आहे." गावातल्या बाया त्याला लंगडा कारकून म्हणायच्या, पण काही अडलं की दार त्याचंच ठोठावायच्या.

त्या बायांमध्ये एक होती शल्मथ.

तिचा माणूस बार्लाहा, मालिकूचा मुलगा, पलटणीतला सांडणीस्वार. ओगेलू दफ्तरात नवा नवा बसला त्याच वर्षी तो नाहीसा झाला. एका सकाळी हजेरीला उभा राहिला नाही, दुसऱ्या सकाळी नाही, तिसऱ्या नाही. हजेरीपटात त्याच्या नावापुढे कसलीच नेमणूक नव्हती. त्याची सांडणीही गेलेली. नदी ओलांडून पार्थियनांना मिळाला असणार, असं ठरलं. तीस दिवस वाट बघून त्याच्या नावापुढे 'पळाला' असं लिहिलं गेलं आणि नाव वरच्या कचेरीला कळवलं गेलं.

शल्मथच्या पोटात तेव्हा पाच महिन्यांचं मूल होतं. शिपायांच्या घरांच्या ओळीतून तिला उठवलं. ती गावाच्या टोकाला, चांभारांच्या कुंडांपाशी जाऊन राहिली, तिथे कातडी धुवायला लागली. मुलगी झाली, अम्ता. तिच्या जन्माचा दाखला लिहायला सात साक्षीदार सोडा, एकही आला नाही. पळपुट्याच्या पोरीचा बाप म्हणून कुणाचं नाव सांगणार?

दरवर्षी नवा हजेरीपट लिहिला जायच्या सुमारास शल्मथ वेशीपाशी यायची. ओगेलू बाहेर येईपर्यंत थांबायची.

"कारकूनदादा, काही कळलं?"

"नाही, शल्मथबाई. लिहिलंय तेच आहे."

"म्हणजे पळाला."

"तसंच लिहिलंय."

"बरं," म्हणायची आणि जायची. बारा वर्षं हेच बोलणं झालं. मधल्या काही वर्षांत ती येताना पोरीला घेऊन यायची, मग पोरगी मोठी झाली आणि यायला लाजू लागली.

बाराव्या वर्षी नाईलकडचा कागद आलाच नाही. तिकडे कसलीशी दंगल होती. सेक्स्टिलियस नावाचे नवे सरदार पलटणीवर आले होते, शिस्तीचे, कमी बोलणारे. त्यांनी हुकूम काढला की दहा वर्षांपेक्षा जुन्या रोजनिश्या काढाव्यात आणि त्यांच्या पाठीवर नवं लिहावं. ओगेलूच्या जिवावर आलं, पण हुकूम तो हुकूम. त्याने एवढीच मुभा घेतली की पाठ वापरण्याआधी प्रत्येक कागद स्वतः एकदा वाचायचा. हाताखालचे दोघे कारकून आपापसात हसले. थोरला आपल्या लेकरांचा निरोप घेतोय, म्हणाले.

असाच एका सकाळी तो खिडकीशी वाचत बसला होता. हातात होती स्वतःच्याच वळणातली, पण कच्च्या, वाकड्या अक्षरातली एक रोजनिशी. नवशिका असतानाची. परवलीचा शब्द, 'पवित्र मंगळ'. आजारी अकरा. सातूला चौघे. आणि खाली एक ओळ. 'सिंहांकडे, पत्र घेऊन, नायक दोम्नूच्या हुकमाने, सांडणीस्वार बार्लाहा, मालिकूचा.'

ओगेलूने ती ओळ बोटाने धरून पुन्हा वाचली.

सिंह बोरूच्या बनांत असत. बादशहाच्या खेळांसाठी ते जिवंत धरून पाठवायचे, म्हणून पलटणीची एक टोळी महिना महिना खाली बनांत तळ देऊन राहायची. त्या टोळीकडे पत्र घेऊन बार्लाहा गेला होता. हुकमाने गेला होता. मग हजेरीपटात त्याच्या नावापुढे ही नेमणूक का नव्हती?

त्याने त्या सालचा हजेरीपट काढला. मालिकूच्या बार्लाहापुढची जागा कोरी, आणि नंतर पक्क्या शाईत 'पळाला'. चार ओळी खाली आणखी एक बार्लाहा होता, तैमूचा मुलगा. त्याच्या नावापुढे कागद जरा खरवडलेला होता. ओगेलूने तो कागद उन्हात तिरपा धरला. खरवडलेल्या जागी पुसट दिसत होतं, 'सिंहांकडे'.

मग त्याला त्या नोंदीनंतरची सकाळ आठवली. हजेरीच्या वेळी थेमेशने त्याच्या टाळूवर बोरू मारला होता. "हा तैमूचा बार्लाहा समोर उभा आहे आणि तू त्याला सिंहांकडे पाठवतोस? खरवड ते." चौकातले सगळे हसले होते. ओगेलूने लाजून पातं घेतलं आणि खरवडलं. मग सिंहांकडे गेलं तरी कोण, हे थेमेशने विचारलं नाही आणि याने पाहिलं नाही. चुकीच्या नावापुढे लिहिताना खिडकीखालून घोडी जात होती का, हेसुद्धा आता सांगता आलं नसतं. ज्याने हुकूम दिला तो नायक दोम्नू त्याच दिवशी दूरच्या चौकीवर गेला आणि आठवड्याभरात तापाने मेला. सिंह धरणाऱ्या टोळीला पत्र येणार हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते आलं नाही याची चौकशी त्यांनीही केली नाही.

चूक चार बोटांची होती. चार ओळींच्या अंतराची.

ओगेलूने त्या दिवशी काम केलं नाही. खरं तर कागद पालथा घातला, पाठीवर नवं लिहिलं की संपलं. बाकीचा पुरावा खरवडलेला होता, आणि तो कुठे आहे हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राहिला. मग त्याने रोजनिशी गुंडाळून अंगरख्यात घातली आणि काठी टेकत थेमेशच्या घरी गेला.

थेमेशला आता दिसत नव्हतं. तो अंगणातल्या अंजिराखाली बसून होता. ओगेलूने त्याला ती ओळ वाचून दाखवली, मग हजेरीपटातलं खरवडलेलं सांगितलं.

थेमेशने हात पुढे करून कागद चाचपला. मग म्हणाला, "खरवड म्हणून मी सांगितलं होतं ना?"

"हो, काका. पण चुकीच्या नावापुढे मी लिहिलं."

"ते तू कच्चा होतास म्हणून. मी कच्चा नव्हतो. लिहायला बसशील तेव्हा माझं नाव आधी लिही."

"तुम्ही आता नोकरीत नाही."

"म्हणूनच सांगतो. माझं कोण काय वाकडं करणार? तुझी मात्र खुर्ची जाईल. आधी तो गेला कुठे ते शोध. नुसती ओळ घेऊन सरदारापुढे उभा राहिलास तर तो म्हणेल, गेला हुकमाने आणि पळाला वाटेतून."

दुसऱ्या दिवशी ओगेलूने चार दिवसांची रजा टाकली आणि खेचरावर बसून दक्षिणेला निघाला. वाटेत बोरू कापणाऱ्यांच्या वस्त्या होत्या, पाच-सहा झोपड्यांच्या. प्रत्येक ठिकाणी उतरायचा, पाणी मागायचा, बसायचा, मग विचारायचा. बारा वर्षांपूर्वी इकडून एक सांडणीस्वार गेला होता का? लोक शिपायाचा पट्टा बघून मान हलवायचे. ठाऊक नाही, आम्ही तेव्हा इथे नव्हतो.

तिसऱ्या वस्तीत एका घरी त्याला मसुराची आमटी वाढली. घरधनी अब्दायू, सत्तरीचा, हातांना कापल्याचे शेकडो पांढरे व्रण. त्याची बायको लांब दांड्याच्या काशाच्या भांड्यातून आमटी ओतत होती. शिपाई नेतात तसलं भांडं. दांड्यावर टोकदार खिळ्याने अक्षरं टोचलेली होती. ओगेलूने हात पुढे केला आणि दांडा उजेडाकडे वळवला. 'बार्लाहा मालिकूचा. सांडणीस्वार.'

म्हातारीने भांडं मागे ओढलं.

"आम्ही चोरलं नाही," ती म्हणाली.

"मावशी, मी चोर शोधायला आलो नाही. मी कारकून आहे. हा माणूस कुठे आहे एवढंच मला लिहायचंय."

अब्दायूने बायकोकडे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. "एकटाच आलायस?"

"एकटाच. या पायाने आणखी कुणाला ओढत आणू?"

म्हातारा किंचित हसला आणि मग हळूहळू बोलायला लागला. त्या वर्षी सिंहीण पिल्लांसह वाटेला लागून बसली होती. तिने सांडणीवर झडप घातली. ओरडा ऐकून हे लोक मशाली नि कोयते घेऊन धावले, सिंहीण पळाली, पण माणसाचा खांदा आणि बरगड्या फाटल्या होत्या. त्याला याच घरात आणलं. सकाळपासून दुपारपर्यंत जिवंत होता.

"काही बोलला?"

"पाणी मागितलं. मग कंबरेचा कागद काढून म्हणाला, हा खाली तळावर पोचवा. दोन-तीनदा म्हणाला. बायकोचं नाव घेतलं, ते मला आता आठवत नाही. मग गेला."

"आणि कागद?"

अब्दायूने मान खाली घातली. "रक्ताने भिजला होता. आम्ही घाबरलो, बाबा. शिपाई आमच्या घरात मेलेला. कागद घेऊन तळावर गेलो असतो तर कोण म्हणालं असतं की सिंहाने मारलं? वस्ती जाळली असती. कागद नदीत टाकला. त्याला मात्र नीट पुरला. वर, टेकाडावर, उगवतीकडे तोंड करून."

ओगेलू टेकाडावर गेला. दगड रचलेले होते, आणि दरवर्षी कुणीतरी ते पुन्हा सारखे करत होतं हे दिसत होतं. परत येऊन त्याने अब्दायूचं सांगणं लिहून घेतलं. सिंहिणीने मारलं, गावकऱ्यांनी सोडवलं, गावकऱ्यांनी पुरलं. म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. घाबरून गप्प राहिले ही ओळही लिहिली, पण त्याखाली स्वतःहून घातलं की बारा वर्षं यांनी थडगं राखलं. अब्दायूने शाईत अंगठा बुडवून खाली टेकवला. जाताना ओगेलूने आपलं स्वतःचं भांडं म्हातारीपुढे ठेवलं आणि बार्लाहाचं घेतलं.

ठाण्यात परतल्यावर तो सरळ सरदारांपुढे उभा राहिला. सेक्स्टिलियस साहेबांनी रोजनिशी बघितली, हजेरीपट उन्हात धरून बघितला, अब्दायूची जबानी वाचली, भांड्याचा दांडा वाचला.

"बारा वर्षं झाली," साहेब म्हणाले. "नाव वर गेलं. वरच्या कचेरीत ते कुठल्या ढिगात आहे देव जाणे. तू हे आता उकरून काय साधणार?"

"साहेब, तो हुकमावर मेला."

"मला दिसतंय. पण वर पत्र गेलं तर पहिला प्रश्न येईल, चूक कुणाची."

"तो प्रश्न येऊ नये म्हणून उत्तर पत्रातच लिहिलंय." ओगेलूने कागद पुढे केला. पत्र त्याने आधीच तयार केलं होतं. दुसऱ्या ओळीत त्याचं नाव होतं आणि त्याने काय केलं ते सरळ शब्दांत होतं. थेमेशच्या हट्टाखातर थेमेशचंही नाव होतं, पण नंतर.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "मी तुझ्या जागी असतो," ते म्हणाले, "तर कागद पालथा घातला असता की नाही, सांगता येत नाही." मग त्यांनी आपली अंगठी काढली आणि मेणावर दाबली. "शिक्षा द्यावी लागेल, कळतंय ना? नाहीतर सगळेच चुकतील आणि बारा वर्षांनी येऊन सांगतील."

"कळतंय, साहेब."

शिक्षा पलटणीतली जुनीच होती. कचेरीपुढच्या चौकात, पट्टा काढून, ढगळ अंगरख्यात, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभं राहायचं. पट्ट्याशिवाय शिपाई म्हणजे बाईसारखा दिसतो असं लोक म्हणतात आणि हसतात. पहिला प्रहर काही तरुण स्वार हसलेही. म्हातारा अग्गाई, जो आता गावात राहत होता, तो काठी घेऊन आला आणि ओगेलूच्या बाजूला मुकाट्याने उभा राहिला. मग कुणी हसलं नाही. दुपारी ओगेलूचा आखूड पाय ठणकायला लागला. बसायची परवानगी नव्हती, काठीचीही नव्हती. त्याने वजन दुसऱ्या पायावर घेतलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

उन्हं कलल्यावर शल्मथ आली. कातडी धुण्याच्या कामावरून तशीच, हात कोपरापर्यंत तांबडे. तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती त्याच्यापुढे हातभर अंतरावर उभी राहिली. पहारेकऱ्याने तोंड फिरवलं.

"खरं आहे?"

"खरं आहे, शल्मथबाई. तो हुकमाने गेला. सिंहिणीने मारलं. लोकांनी पुरलंय, नीट. मी बघून आलो."

"आणि पळाला म्हणून लिहिलं ते तू."

"त्याच्या नावापुढे लिहायचं ते मी दुसऱ्याच्या नावापुढे लिहिलं. मग खरवडलं."

ती त्याला नेहमी 'तुम्ही' म्हणायची. आज म्हणाली नाही.

"सरदाराला आधी सांगितलंस. मला नंतर. तेसुद्धा मला चांभाराच्या सुनेकडून कळलं."

"चुकलं. तुमच्याकडे आधी यायला हवं होतं."

"मला वाटायचं, नदीपल्याड दुसरी केली असेल," शल्मथ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बारा वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. कातडं आपटताना, पोरीला भरवताना. पोरीलाही शिकवल्या. त्या आता कुठे नेऊन टाकू, सांग."

मग ती अग्गाईकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी बसा," आणि निघून गेली.

पुढचे कित्येक आठवडे ती दिसली नाही. ओगेलूने ते काशाचं भांडं अम्ताच्या हाती पाठवलं. पोरीने विचारलं, "यावर काय लिहिलंय?" त्याने वाचून दाखवलं. पोरगी नाव ओठांतल्या ओठांत म्हणत गेली.

वरून उत्तर यायला पावणेदोन महिने लागले, आणि आलं ते आखूड होतं. बार्लाहा, मालिकूचा मुलगा, याचं नाव पळालेल्यांतून काढावं, हुकमावर मेलेल्यांत घालावं. कारकुनाबद्दल एक शब्द नव्हता. ओगेलूने हाताखालच्या कारकुनाला लिहायला सांगितलं नाही. स्वतः बसला, 'पळाला' खरवडलं, मेलेल्यांपुढे काढतात ती खूण काढली, आणि समासात पूर्ण ओळ लिहिली, सिंहांकडे, पत्र घेऊन. मग अम्ताच्या जन्माचा दाखला. या वेळी सात साक्षीदार हवे होते तर अकरा जण आले. तैमूचा बार्लाहा, आता पिकल्या दाढीचा, रांगेत सगळ्यांत पुढे होता.

वैशाखात निशाणांना गुलाबांचे हार घालायचा सण असतो. पलटण चौकात उभी राहते, शिपायांच्या बायका एका बाजूला, आणि वर्षभरात मेलेल्यांची नावं वाचली जातात. त्या वर्षी चार नावं होती, आणि सेक्स्टिलियस साहेबांच्या परवानगीने पाचवं. वाचायचं काम थोरल्या कारकुनाचं. ओगेलूने चार वाचली, श्वास घेतला आणि पाचवं वाचलं. बायकांच्या रांगेत शल्मथ उभी होती, हात स्वच्छ धुतलेले, शेजारी अम्ता. तिने मान वर ठेवून ऐकलं. समारंभ संपल्यावर ती दफ्तराच्या दाराशी आली.

"ती ओळ दाखवाल मला?" ती म्हणाली. पुन्हा 'तुम्ही' वर आली होती. "पहिली. तो निघाला त्या दिवशीची."

ओगेलूने रोजनिशी काढली. तिची पाठ त्याने कोरीच ठेवली होती. त्याने बोट ठेवून सांगितलं, हा हुकूम, हे सिंह, हे पत्र, आणि हा तो.

"एवढासाच?"

"एवढासाच, बाई."

तिने धुऊनही तांबडंच राहिलेलं बोट अक्षरांच्या वर धरलं, टेकवलं नाही. "त्या सकाळी मला म्हणाला होता, चार दिवसांत येतो," ती म्हणाली. "हे मी कुणाला सांगितलंच नाही. पळणारा असंच सांगणार, असं वाटायचं."

शल्मथने त्याला माफ केलं असं कुणी ऐकलं नाही, आणि त्याने माफी मागितलीही नाही. पण त्यानंतर बोरूच्या बनातल्या टेकाडाकडे दरवर्षी तीन माणसं जायची, आई, मुलगी आणि खेचरावर लंगडा कारकून. अब्दायूची म्हातारी त्यांना मसुराची आमटी वाढायची.

ओगेलू आणखी आठ वर्षं त्या दफ्तरात बसला. या काळात त्याने एक नवी रीत घातली. हजेरीपटातलं काहीही खरवडायचं असेल तर ज्याच्या नावापुढचं खरवडायचं तो आणि ती नेमणूक खरी ज्याची तो, दोघांनाही खिडकीशी बोलावून समोर उभं करायचं. दोघांपैकी एक जण सापडत नसेल तर खरवडायचं नाही, शोधायला निघायचं. तरुण कारकून कुरकुरले. काम दुप्पट झालं. पण त्या आठ वर्षांत दोन माणसं जिवंत सापडली, एक कोरड्या विहिरीत आणि एक वाळवंटातल्या चौकीवर, जिथल्या लोकांना तो तिथे का आहे हेच माहीत नव्हतं.

नोकरी पुरी झाली तेव्हा सेक्स्टिलियस साहेब केव्हाच बदलून गेले होते. नव्या सरदारांनी त्याच्या सुटकेचा कागद पुढे केला आणि म्हणाले, "तुमचा तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं सुबक अक्षर इथे कुणाचं नाही." ओगेलूने मान हलवली. त्याने हाताखालच्या कारकुनाला बसवलं, स्वतः खिडकीशी शिपायासारखा ताठ उभा राहिला, आणि आपलं नाव, बापाचं नाव, भरतीचं साल एकेक करून सांगितलं. लिहून झाल्यावर कागद हातात घेतला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून बघितला.